ताडपत्री वजन करून घ्या

मृग नक्षत्र जवळ आले की कोल्हापुरात दोन वस्तूंची विक्री एकदम वाढते. एक छत्री आणि दुसरी ताडपत्री. छत्री घेताना गिऱ्हाईक ती उघडून पाहते, काड्या मोजते, दांडा ओढून बघते. ताडपत्री मात्र घडीतच घेतली जाते. रंग विचारायचा, माप विचारायचे, भावात पाच-पन्नास कमी करून घ्यायचे आणि टपावर टाकून निघायचे. लाख-दोन लाखांचा माल ज्या कापडाच्या भरवशावर घाट उतरणार आहे, त्या कापडाची चौकशी आपण छत्रीइतकीही करीत नाही. हे ट्रकमालकाच्या हिताचे नाही आणि जो कारागीर प्रामाणिकपणे चांगली शिलाई करतो, त्याच्याही हिताचे नाही. कारण तपासणीच होत नसेल तर चांगला माल आणि वाईट माल एकाच भावाने विकला जातो, आणि अशा बाजारात शेवटी वाईटच माल शिल्लक राहतो.

हा विषय आपल्या पानावर घेण्याचे कारण आहे. कुशन वर्क, सीट-कव्हर, हूड, ताडपत्री शिलाई, बॉडी-बिल्डिंग, पेंटिंग या कामांत आपल्या समाजाचे कितीतरी हात गुंतलेले आहेत. ट्रक चालवणारे, एक-दोन गाड्यांचे मालक असणारे, टेम्पोवर भाजी आणि भंगार वाहणारे बंधूही कमी नाहीत. म्हणजे या व्यवहारात विकणाराही आपलाच आणि घेणाराही आपलाच. दोघांनाही चार गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

प्रथम ताडपत्री या शब्दाबद्दल. यात ताडाचे पान कोठेही नाही. इंग्रजांच्या जहाजावर डांबर लावलेले जाड कापड असे, त्याला टारपॉलिन म्हणत. आपल्या जिभेने त्याची ताडपत्री केली. आज डांबरही गेले. बाजारात या नावाखाली निदान चार वेगवेगळ्या वस्तू मिळतात आणि त्या चारही वस्तूंचे स्वभाव निराळे आहेत.

जुनी आणि अजूनही मान असलेली ती सुती कॅनव्हासची, मेण व रसायन पाजलेली ताडपत्री. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीची छिद्रे आपोआप बंद होतात; कोरडे झाले की तेच कापड हवा आत-बाहेर सोडते. हा गुण बाकीच्या तीन प्रकारांत नाही. पण ती जड असते, भिजली की आणखी जड होते, आणि ओली घडी घातली तर आठवड्यात बुरशी धरून कुजू लागते. दुसरी एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून वर पातळ थर दिलेली. हलकी, स्वस्त, एक माणूस उचलू शकतो. पण हवा अजिबात सोडत नाही आणि उन्हाला पुरे पडणारे रसायन त्यात घातलेले नसेल तर एक-दोन उन्हाळ्यांतच तिचा भुगा होतो. तिसरी अनेक थर आडवे-तिडवे चिकटवून केलेली, जिला लोक सरसकट सिलपॉलिन म्हणतात, वास्तविक ते एका कंपनीच्या मालाचे नाव आहे. चौथी पीव्हीसीचा लेप दिलेली जाड, गुळगुळीत ताडपत्री. ही शिवण्याऐवजी गरम हवेने जोडता येते, टिकते, पण महाग आणि वजनदार.

यांतील तीन प्रकारांना भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत. सुती कॅनव्हाससाठी आयएस 2089, विणलेल्या एचडीपीईसाठी आयएस 7903, थर चिकटवलेल्या प्रकारासाठी आयएस 14611. दुकानात गेल्यावर हा आकडा विचारावा. तो सांगता आला नाही म्हणून माल वाईटच असे नव्हे; पण विचारणारे गिऱ्हाईक आले की दुकानदाराचा दुसऱ्या घडीकडे गेलेला हात थांबतो, हा अनुभव कोणीही घेऊन पाहावा.

आता मूळ मुद्दा, वजनाचा. ताडपत्रीची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम. दुकानदार म्हणतो, दोनशे जीएसएम. गिऱ्हाईक बोटांत कापड चोळते आणि मान डोलावते. बोटांना दीडशे आणि दोनशे यांतला फरक कळत नाही. तराजूला कळतो. हिशोब सोपा आहे. 24 बाय 18 फुटांची ताडपत्री म्हणजे 432 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ 40 चौरस मीटर. ती खरोखर 200 जीएसएमची असेल तर तिचे वजन आठ किलो भरले पाहिजे. सहा किलो भरले तर ती 150 ची आहे. दहा किलो भरले तर 250 ची. कडेची दोरी आणि कड्या यांचे थोडे वजन त्यात जास्तीचे धरावे, कमी कधीच नाही. लक्ष्मीपुरीपासून मार्केट यार्डापर्यंत प्रत्येक दुकानाशेजारी काटा आहे. पाच मिनिटांचे काम आहे.

मापातही अशीच एक मेख असते. 24 बाय 18 हे कापलेल्या कापडाचे माप की शिवून तयार झालेल्या ताडपत्रीचे? चारही बाजूंनी तीन-तीन इंच दुमडले की तयार माप साडेतेवीस बाय साडेसतरा होते, म्हणजे वीस चौरस फुटांहून अधिक कापड कमी. ट्रकच्या बॉडीवर हे नेमके मागच्या फाळक्यापाशी उघडे पडते. बिलावर "तयार माप" असे लिहून घ्यावे. जो व्यापारी हे बिनतक्रार लिहून देतो त्याच्याकडे पुन्हा जावे.

कुरआनमध्ये मापात आणि तोलात कमी देणाऱ्यांच्या नावाने एक संपूर्ण सूरह आहे, हे आपणां सर्वांना माहीत आहे. आपण तिचा अर्थ धान्याच्या तराजूपुरता घेतो. जीएसएम हे मापच आहे आणि फूट हेही मापच आहे. दीडशेचे कापड दोनशे म्हणून देणारा आणि पासंग मारणारा यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. "बाजारात सगळेच असे देतात" हे उत्तर दुकानात चालते, इतरत्र ते चालणार नाही.

याच संदर्भात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील एक प्रसंग ट्रान्सपोर्टच्या धंद्यातील माणसाने विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाजारात धान्याचा ढीग होता. त्यांनी त्यात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विचारले तेव्हा विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे स्पष्ट बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस जणू आपल्या पावसाळ्यासाठीच सांगितलेली वाटते. ताडपत्री गळली, चार पोती भिजली, ती हौद्याच्या मधोमध ढकलून वर कोरडी पोती रचली आणि पावती घेऊन मोकळे झाले, हा प्रकार आपल्या रस्त्यांवर नवा नाही. भिजणे हा गुन्हा नाही. पाऊस आपल्या हातात नाही. झाकणे हा गुन्हा आहे.

कायद्याचीही बाजू समजून घ्यावी. 1865 चा जुना कॅरिअर्स कायदा जाऊन त्याजागी कॅरेज बाय रोड कायदा, 2007 आला आणि तो 2011 पासून लागू झाला. या कायद्याप्रमाणे मालाचे नुकसान झाले तर वाहतूकदाराची चूक होती हे माल पाठवणाऱ्याने सिद्ध करावे लागत नाही. नुकसान झाले एवढे दाखवले की पुढचा भार वाहतूकदारावर येतो. उलट माल पाठवणाऱ्यानेही गप्प बसून चालत नाही. माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नाही तर दावा उभा राहत नाही. आपल्याकडे असे वाद चहाच्या टपरीवर तोंडी मिटवले जातात आणि पुढे सहा महिन्यांनी दोघेही एकमेकांना खोटे ठरवतात. नोटीस देणे म्हणजे वैर करणे नव्हे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा असे ज्या किताबने सांगितले, तिच्या मानणाऱ्यांना लिहिण्याची भीती वाटू नये.

कोल्हापूरची गोष्ट इतर जिल्ह्यांसारखी नाही. एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला पावसाची संततधार आणि शिरोळ-हातकणंगलेकडे त्याच्या मानाने किरकोळ सरी. इचलकरंजीहून कापड भरून निघालेली गाडी कोरड्या रस्त्याने येते आणि करूळ घाट किंवा आंबा घाट लागताच तासाभरात ढगात शिरते. म्हणून जेथून निघायचे तेथले आकाश पाहून ताडपत्री निवडणे चुकीचे आहे, जेथून जायचे तेथला घाट पाहावा लागतो.

माल कोणता हेही पाहावे लागते. गूळ हे आपल्या गावचे सोने. छत्रपती शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार येथे रुजला. आजही येथला गूळ मोठ्या प्रमाणावर गुजरातेत जातो. पण गूळ हवेतली ओल ओढून घेतो. त्यावर हवाबंद प्लॅस्टिक घट्ट आवळले आणि गाडी दोन दिवस उन्हा-पावसात चालली, की आतल्या आत घाम सुटतो, रवे पाझरतात आणि वरून एक थेंब न पडताही माल खराब होतो. अशा मालासाठी सुती कॅनव्हास, किंवा खाली सुती व वर प्लॅस्टिक अशी दुहेरी पद्धत, महाग वाटली तरी स्वस्त पडते. शिरोळी किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून निघालेल्या कास्टिंगचे निराळे. त्याला वरचे पाणी तर नकोच, पण रात्री थंड लोखंडावर जमणारे दवही नको. तेथे कडेने थोडी हवा खेळती ठेवून वर जाड ताडपत्री असावी. कास्टिंगच्या धारेने कापड फाटते ते वेगळेच. प्रत्येक कोपऱ्यावर गोणपाटाची घडी ठेवण्याचे काम क्लिनरला एकदा शिकवले की पुरे.

बांधण्यात आपण फार चुकतो. वरचा भाग सपाट राहिला की पाणी साचते. 20 बाय 8 फुटांच्या बॉडीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर एकूण साडेसातशे लिटरच्या घरात पाणी पडते. त्यातले दहावा हिस्सा जरी खळग्यात साचले तरी पाऊण क्विंटल वजन एका शिवणीवर लोंबते. ती शिवण फाटली की आपण शिलाईवाल्याला शिव्या देतो. मधोमध पोत्यांची एक ओळ वर चढवून छपरासारखा उतार करावा, पाणी आपोआप वाहून जाते. दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील तर पुढची मागच्यावर यावी, म्हणजे वारा सांध्यात शिरत नाही. उलटे केले तर साठ किलोमीटरच्या वेगाला वारा ती पिशवीसारखी फुगवतो.

शिलाई करणाऱ्या बंधूंना एक-दोन शब्द. सुती ताडपत्रीला सुती दोरा बरा, कारण तोही भिजून फुगतो आणि सुईची छिद्रे भरतो. पण तो कुजतो, म्हणून शिवणीवर मेण फिरवायला कंटाळू नये. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला पॉलिएस्टर दोरा हवा आणि टाका लांब हवा. बारीक टाका घातला की कापड टपाल तिकिटासारखे ओळीने फाटते. कड्या नुसत्या कापडात ठोकू नयेत, खाली पट्टी आणि आत दोरी द्यावी. हे सारे जुन्या कारागिरांना पाठ आहे. नव्या मुलांना कोणी सांगत नाही, कारण नवी मुले या कामाला बसतच नाहीत. तयार माल दिल्ली-गुजरातेतून येतो, मोबाईलवर मागवला जातो, आणि ठोकळेबाज मापाचे ते आच्छादन गाडीला नीट बसत नाही म्हणून पुन्हा आपल्याच कारागिराकडे "जरा इलॅस्टिक मारून दे" म्हणून येते. म्हणजे नफा त्यांचा आणि दुरुस्ती आपली. माझे स्पष्ट मत आहे की आपल्या कारागिरांनी दुरुस्तीवर जगणे सोडून मापाने शिवलेल्या मालाचा व्यवसाय धरावा, आणि बिलावर जीएसएम, तयार माप व शिलाईची मुदत लिहून द्यावी. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. तिच्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतची मदत ठेवली आहे. तिच्यातले कर्ज व्याजाचे आहे, ते घ्यावे की नाही हे ज्याने त्याने आपल्या ईमानाला विचारावे. पण व्याजाच्या शंकेने प्रशिक्षण आणि अवजारेही सोडून देणे शहाणपणाचे नाही. 1906 साली शाहू महाराजांच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या मुस्लिम बोर्डिंगच्या गावात, पाच-सहा जुन्या कारागिरांना एकत्र बसवून मुलांसाठी आठवड्यातून दोन दिवसांचा शिलाई वर्ग सुरू करणे एवढे अवघड असू नये.

आता मोटारीच्या कव्हराबद्दल. अलीकडे दारात गाडी उभी राहिली की कव्हर घालणे प्रतिष्ठेचे झाले आहे. माझे मत थोडे कडू वाटेल. पावसाळ्यात रोज वापरातल्या गाडीला कव्हर घालू नये. ओल्या गाडीवर चंदेरी प्लॅस्टिकचे कापड चढवले की आत वाफ धरते. पत्र्याच्या सांध्यात गंज सुरू होतो, रंगाला फोड येतात, काचेच्या रबराला बुरशी लागते. शिवाय कव्हराखालची ऊब उंदरांना फार आवडते, वायरिंगचे बिल आले की हे कळते. पावसाचे पाणी रंगाचे काही बिघडवत नाही. रंग बिघडतो तो उन्हाने, पक्ष्यांच्या विष्ठेने आणि धुळीने.

म्हणून कव्हर खरेदी करताना कापड आधी पाहू नये, गाडी उभी राहते ती जागा पाहावी. झाडाखाली असेल तर कव्हर उपयोगाचे, पण वरचेवर धुता येईल असे हलके हवे. साखर कारखान्याच्या पट्ट्यात गळीत हंगामात बगॅसची काळी राख पडते. तेथे कव्हर घालावेच, मात्र काढताना ओढू नये. आधी पाणी मारावे, मग दोघांनी दोन टोके धरून आतल्या बाजूने गुंडाळावे, नाहीतर राख सॅंडपेपरचे काम करते. उद्यमनगर, शिरोळीच्या बाजूला ग्राइंडिंगचे लोखंडी कण हवेत असतात, ते पत्र्यावर बसून ओल लागताच तांबडे ठिपके पाडतात. तेथेही कव्हर हवे. उघड्या उन्हात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला, विशेषतः मालक परदेशी नोकरीला असेल तर, श्वास घेणारे अनेक थरांचे कापड घ्यावे, ज्याची आतली बाजू मऊ सुती असेल. कापड श्वास घेते की नाही हे ओळखायला तोंड लावून फुंकर मारून पाहावी. अजिबात हवा गेली नाही तर ते वाऱ्या-पावसाला चांगले, पण उभ्या गाडीला वाईट. धुळीच्या गाडीवर कव्हर कधीच घालू नये. आणि पोटाखालून जाणारा पट्टा असल्याशिवाय कोणतेही कव्हर घेऊ नये, कारण वळवाच्या वाऱ्यात फडफडणारे कव्हर एका रात्रीत दोन वर्षांचे ओरखडे काढते.

पुराच्या बाबतीत मात्र कोणतेही आच्छादन कामाचे नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले, जुलै 2021 मध्ये 56 फुटांच्या वर. दोन्ही वेळा शिरोळीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि ट्रकच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. उभ्या रांगेत चांगली ताडपत्री असलेल्याचा माल वाचतो, एवढा तिचा उपयोग. पण सखल भागात दारात गाडी ठेवून वर कव्हर बांधणाऱ्याचा काही उपयोग होत नाही. पाणी खालून येते, गाळ आत बसतो आणि पाणी ओसरल्यावर कव्हर तो गाळ ओलाच धरून ठेवते. 39 चा आकडा आला की कव्हर काढावे आणि गाडी उंचावर न्यावी. पुरात सापडलेली गाडी असेल तर पहिल्या दिवशी कव्हर फाडून का होईना काढून टाकावे, दारे उघडी ठेवावीत आणि मेकॅनिक येईपर्यंत चावी फिरवू नये.

बऱ्याच बिलांवर छापलेले असते, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." आपल्या काही दुकानदारांनीही ही ओळ छापून घेतली आहे. फिकहमध्ये दोष निघाला तर माल परत करण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क मानलेला आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही सदोष मालाबद्दल दाद मागता येते. दोष ठाऊक असून तो लपवला असेल तर छापलेल्या ओळीने सुटका होत नाही, ना येथे ना तेथे. ही ओळ काढून "दोष निघाल्यास एवढ्या दिवसांत बदलून मिळेल" अशी ओळ छापण्याचे धाडस एखाद्या आपल्या दुकानदाराने करावे. गिऱ्हाईक कोठे वळते ते मग पाहावे.

राहता राहिली निगा. पाऊस संपला, ऑक्टोबरची उन्हे पडली की सुती ताडपत्री दोन्ही बाजूंनी दोन दिवस वाळवावी, झाडून घ्यावी, मेण गेलेल्या जागी पुन्हा लावून घ्यावे आणि घडी न घालता गुंडाळून फळीवर ठेवावी. घडीच्या रेषेवरच ती आधी चिरते. प्लॅस्टिकची ताडपत्री उलट उन्हात ठेवू नये. सावलीत वाळवावी आणि रॉकेल-डिझेलच्या डब्यापासून लांब ठेवावी. फाटलेली जागा तेव्हाच शिवून घ्यावी. मे महिन्यात शिलाईवाल्याच्या दारात रांग असते आणि त्या घाईत घातलेला टाका पहिल्या घाटातच उसवतो. दिवाळीनंतर तोच कारागीर रिकाम्या हाताने बसलेला असतो, काम बारकाईने करतो आणि पैसेही कमी घेतो.